घरात लघवीची नळी असलेला माणूस आहे? गोळी सुरू करण्याआधी नळीकडे बघा

"सिस्टर, बाबाची लघवी गढूळ येऊन राह्यली. वास पण मारते. मेडिकलमधून पाच दिवसाच्या गोळ्या आणल्या, सुरू करू का?"

असा फोन मला आठवड्यातून एकदा तरी येतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमध्ये, घरी पडून असलेल्या रुग्णांकडे जाते. कोणाला लकवा मारलेला, कोणी मोहाच्या झाडावरून पडून कंबरेखालचं अंग गेलेलं, कोणाचं प्रोस्टेट (पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढून लघवी अडकलेली. दवाखान्यातून सुट्टी होते तेव्हा घरच्यांच्या हातात माणूस, नळी, थैली आणि औषधांची चिठ्ठी एकदमच येते. नळी सांभाळायची कशी, हे सांगायला त्या गर्दीत कोणाला वेळ होत नाही. ते सगळं इथे लिहिते आहे.

फोनवर मी आधी तीन गोष्टी विचारते. ताप किंवा थंडी वाजून येणं आहे का? ओटीपोट किंवा कंबरेची बाजू दुखते का? माणूस रोजच्यासारखा बोलतो-खातो का, की गुंगीत आहे? दुखत नसेल, ताप नसेल आणि माणूस नेहमीसारखा असेल, तर त्या गोळ्या सुरू करू नका. नुसती गढूळ लघवी आणि नुसता वास हे अँटिबायोटिक देण्याचं कारण नाही. लोकांना हे पटत नाही. पटण्यासाठी नळीच्या आत काय चालतं ते कळायला हवं.

हौदातला बुळबुळीत थर

बैलांच्या पाण्याचा सिमेंटचा हौद आठवा. आठ-दहा दिवस घासला नाही की आतून बोट बुळबुळीत लागतं. वरचं पाणी काढून टाकलं, नवं भरलं, वर ब्लीचिंग पावडर टाकली, तरी तो थर तिथेच असतो. तो घासूनच काढावा लागतो.

नळीत हेच होतं. नळी आत गेल्यावर लघवीतले पदार्थ तिच्या पृष्ठभागावर बसतात आणि त्यावर जंतू चिकटतात. हे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्याच शौचाच्या जागेवरचे, नाहीतर आपल्या हातावरचे असतात. चिकटले की ते स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट लगदा तयार करतात आणि त्यात घर करून राहतात. या वस्तीला बायोफिल्म म्हणतात. दातावर सकाळी जो पिवळट थर येतो, तोही बायोफिल्मच. तो थर १६८३ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहूक या संशोधकांनी आपल्या भिंगाखाली पाहून लिहून ठेवला होता. पण शरीरात घातलेल्या नळ्यांवर असे थर बसतात आणि तिथून आजार सुरू होतो, हे उलगडायला विसावं शतक उजाडावं लागलं.

लघवीची नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू दिसू लागण्याची शक्यता दर दिवशी ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. महिनाभर नळी राहिली की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतातच. म्हणून अशा माणसाच्या रिपोर्टमध्ये 'जंतू सापडले' किंवा 'पू पेशी जास्त' असं आलं तर ती नवी बातमी नाही. त्या जंतूंनी शरीराला त्रास द्यायला सुरुवात केली का, एवढाच प्रश्न आहे.

आता औषधाचं. थराच्या आतल्या जंतूंना मारायला मोकळ्या जंतूंच्या दहापट ते हजारपट औषध लागू शकतं. एवढं औषध माणसाच्या अंगात घालता येत नाही. एक तर लगद्यात काही औषधं अडकतात. दुसरं, आतले जंतू जवळजवळ झोपलेले असतात. बरीचशी अँटिबायोटिकं वाढणाऱ्या जंतूंवर चालतात, झोपलेल्यावर नाही. गोळ्या घेतल्या की लघवीत तरंगणारे जंतू मरतात, ताप उतरतो, सगळ्यांना वाटतं बरं झालं. थर मात्र तसाच राहतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा ताप येतो.

प्रयोगशाळेतली तपासणीसुद्धा मोकळ्या जंतूंवरच केलेली असते. रिपोर्टात एखाद्या औषधापुढे 'एस' लिहिलं, म्हणजे ते औषध काचेच्या ताटलीतल्या जंतूंवर चाललं. नळीतल्या थरावर ते चालेलच असं नाही. "रिपोर्टात तं हे औषध चालते म्हणून लिहिलं, मग बरं काऊन नाही होत?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा नळीत असतं.

इथपर्यंत जे सांगितलं ती जंतूंची सहनशक्ती आहे. थरातून बाहेर काढले तर हेच जंतू साध्या औषधाने मरतात. पण आपण दर पंधरा दिवसांनी गोळ्या देत राहिलो तर साधे जंतू मरत जातात आणि ज्यांच्यात औषध झेलण्याचा गुण आहे तेच उरतात. थरात जंतू एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे हा गुण ते शेजाऱ्यालाही देऊ शकतात, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. मग जो प्रतिकार तयार होतो तो पक्का असतो. बोंडअळीवर एकच फवारणी वर्षानुवर्षे केली की अळी दाद देत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. नळीत तेच होतं, फक्त खूप लवकर होतं.

पहिली पायरी: ही नळी लागतेच का?

सुट्टी होताना डॉक्टरांना हे विचाराच: नळी कशासाठी घातली आणि कधी काढायची? लघवी अडकत असेल, ऑपरेशन झालं असेल, पाठीची मोठी जखम सतत ओली होत असेल, तर नळीला कारण आहे. नुसतं अंथरूण ओलं होतं म्हणून, किंवा घरच्यांना सोपं जातं म्हणून नळी ठेवू नये. अशा पुरुषाला बाहेरून लावायची कंडोमसारखी नळी चालते. बाईमाणसाला डायपर किंवा जुन्या सुती लुगड्याच्या घड्या चालतात. काम वाढतं, मला मान्य आहे. पण जी नळी नाही तिच्यावर थर बसत नाही.

मणक्याला मार लागलेल्या तरुणांसाठी आणखी एक मार्ग आहे: दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ नळी घालून लघवी काढायची आणि नळी लगेच बाहेर. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॅक लॅपिडीस या डॉक्टरांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. आजही कायमच्या नळीपेक्षा तीच बरी मानतात. हात चालत असतील तर रुग्ण स्वतः शिकतो. पहिल्या आठवड्यात सगळेच घाबरतात, मग सवय होते.

सुट्टीच्या दिवशी वहीत लिहून घ्या

नळी घातल्याची तारीख, नळीचा नंबर (१४, १६ असा), ती रबराची आहे की सिलिकॉनची, आणि आतल्या फुग्यात किती मिलिलिटर पाणी भरलं. पुढची बदलायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा. साधी रबराची नळी साधारण दोन ते चार आठवडे चालते, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत. पाकिटावर कंपनीने लिहिलेलं असतं, पाकीट टाकू नका.

नळी मांडीला चिकटपट्टीने किंवा पट्ट्याने बांधलेली असली पाहिजे, थोडी सैल. ओढ बसली की आतून घासते, रक्त येतं, आणि ती जखम जंतूंना रक्ताची वाट उघडून देते.

रोजचं काम

सगळ्यात आधी हात. साबण आणि पाण्याने, बोटांच्या बेचक्यांसह, नीट चाळीस सेकंद. राखेने किंवा मातीने नाही. नळीला किंवा थैलीला हात लावण्याआधीही धुवायचे आणि नंतरही. हातमोजे घातले म्हणून हात धुणं सुटत नाही.

रोज आंघोळीच्या वेळी नळी शिरते ती जागा साबण-पाण्याने धुवा. नळी शरीराजवळ एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताने शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसत जा. बाईमाणसाला पुढून मागे धुवायचं. पुरुषाची पुढची कातडी मागे घेऊन धुतली, तर ती परत पुढे आणायचीच. विसरलं तर सूज येऊन मोठी अडचण होते. डेटॉलचं पाणी, मलम, पावडर यातलं काही रोज लावू नका. त्याने जंतू कमी होत नाहीत, कातडी मात्र भाजते. शौच झाल्यावर पुन्हा धुवा. बहुतेक जंतू तिथूनच येतात.

थैली नेहमी ओटीपोटाच्या खाली. या एका वाक्यासाठी मी घरोघर जाते असं म्हटलं तरी चालेल. थैलीतली लघवी उलटी आत गेली की तिथे वाढलेले कोट्यवधी जंतू मूत्राशयात जातात. आमच्याकडे बाज असते ते बरं आहे. बाजेच्या आडव्या लाकडाला थैली टांगा, जमिनीला न टेकवता. रुग्ण खाली सतरंजीवर झोपत असेल तर थैली खाली जायला जागाच राहत नाही, म्हणून त्याला बाजेवर घ्या, किंवा दोन-तीन गाद्यांवर.

दवाखान्यात नेताना सगळ्यात जास्त चुका होतात. ऑटोत किंवा एसटीत माणूस मधे बसतो आणि थैली पिशवीत घालून मांडीवर, कधी तर खांद्याला अडकवलेली. निघण्याआधी थैली रिकामी करा आणि पायाला, गुडघ्याखाली बांधा. लाज वाटते म्हणून लपवायची असेल तर वरून लुंगी किंवा चादर टाका. रुग्णाला उचलताना एका माणसाने फक्त थैलीच सांभाळायची.

थैली दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करा, आणि भरली नसली तरी आठ तासांतून एकदा. एक वेगळं भांडं ठेवा, ते दुसऱ्या कशालाच वापरायचं नाही. खालचा नळ भांड्याला टेकू देऊ नका. रिकामी झाली की नळाचं टोक स्वच्छ कोरड्या कापडाने पुसून बंद करा. भांडं धुऊन उन्हात उपडं ठेवा. नळी आणि थैलीचा जोड उगाच सोडवायचा नाही. जोड जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा जंतूंना दार उघडं मिळतं. थैली साधारण आठवड्याने बदला, जुनी धुऊन पुन्हा वापरू नका. हे खर्चाचं आहे हे मला माहीत आहे, पण तापाच्या एका फेरीत याच्या कितीतरी पट पैसे जातात.

पाणी. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, पत्र्याच्या घरात माणूस घामानेच सुकतो. लघवी घट्ट झाली की नळी तुंबते. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची राहील एवढं पाणी, ताक, लिंबूपाणी थोडं थोडं देत राहा. हृदय किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर तेच पाळा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. भरलेलं आतडं नळीवर दाब देतं आणि लघवी बाजूने गळायला लागते. अशा वेळी लोक मोठ्या नंबरची नळी टाकून मागतात. मोठी नळी हा त्यावर इलाज नाही. आधी नळी कुठे मुडपली का, पोट साफ आहे का, नळी तुंबली का, हे बघा.

नळी पुन्हा पुन्हा तुंबत असेल

काही रुग्णांची नळी पंधरा दिवसांतच बंद पडते आणि काढल्यावर टोकाला पांढरा, चुन्यासारखा खर दिसतो. हे काम बहुतेक वेळा प्रोटियस नावाच्या जंतूचं. तो लघवीतल्या युरियापासून अमोनिया बनवतो, लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यातले क्षार नळीवर साचतात. थर आणि दगड एकत्र. अशा रुग्णाची नळी कितव्या दिवशी तुंबते ते वहीत तीन वेळा नोंदवा, आणि पुढची बदली त्याच्या दोन-तीन दिवस आधी करून घ्या. मूत्राशयात खडा झाला आहे का, तेही डॉक्टरांना बघायला सांगा.

थैली एखाद्या दिवशी जांभळी झालेली दिसली तर घाबरू नका. हे पाहून एका घरात अंगारा लावला होता. काही जंतू लघवीतल्या एका पदार्थापासून निळा आणि लाल रंग तयार करतात, ते प्लॅस्टिकमध्ये मुरतात. पोट साफ नसलेल्या वृद्धांमध्ये हे जास्त दिसतं. रंग स्वतः धोक्याचा नाही. नळी आणि थैली बदलण्याची वेळ झाली का ते बघा, आणि पोट साफ करा.

ताप आला तर

थंडी वाजून ताप, कंबरेच्या बाजूला दुखणं, ओटीपोटात कळ, अंडकोषाच्या पिशवीला सूज, लघवीत रक्ताच्या गाठी, अचानक गुंगी किंवा असंबद्ध बोलणं: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. हातपाय गार पडले, श्वास वाढला, तर १०८ ला फोन करा, वाट पाहू नका. चार तासांत थैलीत थेंबही आला नाही आणि ओटीपोट फुगलं, तर तेही तातडीचंच. मणक्याला छातीच्या मध्यापाशी किंवा त्याच्या वर मार लागलेल्या माणसाला अचानक जोराची डोकेदुखी, चेहरा लाल आणि घाम सुटला, तर आधी नळी मुडपली किंवा तुंबली का ते बघा. त्याचा रक्तदाब जीवघेणा वाढत असतो.

पण विदर्भात ताप म्हणजे फक्त नळीचा असं धरू नका. हिवताप, डेंग्यू, स्क्रब टायफस, मे महिन्यात उष्माघात, हे सगळं नळी असलेल्या माणसालाही होतं. माझी स्वतःची चूक सांगते. नवी असताना मी एका आज्जीच्या थैलीतूनच लघवी काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघायच्या तपासणीला, पाठवली. तीन जातीचे जंतू, एकावरही साधं औषध चालत नाही असा रिपोर्ट आला. त्यावरून तिला आठवडाभर जड इंजेक्शनं दिली गेली. ताप शेवटी डेंग्यूचा निघाला. इंजेक्शनांनी तिला पातळ जुलाब लागले आणि ती अंथरुणालाच खिळली. त्या दिवसापासून थैलीतला नमुना मी कधी घेतला नाही, कोणाला घेऊ दिला नाही.

नळीचाच ताप आहे असं डॉक्टरांना वाटलं तर क्रम असा हवा. नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर आधी ती काढायची. गरज असेल तरच नवी घालायची. नव्या नळीतून आलेल्या ताज्या लघवीचा नमुना घ्यायचा, आणि मग अँटिबायोटिकचा पहिला डोस. जुन्या नळीतला नमुना थराचा हिशोब सांगतो, मूत्राशयाचा नाही. आणि जुनी नळी आत ठेवून औषध दिलं तर आपण हौद न घासता ब्लीचिंग टाकतो आहोत. रुग्ण फारच खचलेला असेल तर औषधाला उशीर करू नये, पण नळी त्याच तासाभरात बदलता येते. हे तुम्ही नम्रपणे विचारू शकता: "डॉक्टर, नळी जुनी आहे, औषधाआधी बदलायची का?" मी पाहिलेल्या बहुतेक डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो.

कल्चरची सोय तालुक्याला सहसा नसते. नागपूर, यवतमाळ, अकोला, सेवाग्राम, सावंगी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत असते. नमुना गावातून घेऊन एसटीने पाठवू नका. उन्हात डबीतल्या जंतूंची संख्या तासाभरात दुप्पट-चौपट होते आणि रिपोर्ट खोटा येतो. नाइलाज असेल तर बर्फाच्या डब्यात न्या. रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो, तो आणायला जाच, आणि औषध बदलायचं का ते विचारा.

औषध लवकर लागू पडलं तर साधारण सात दिवस पुरतात, उशिरा लागू पडलं तर दहा ते चौदा. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नका, आणि उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या वेळी वापरू नका. ताप येऊ नये म्हणून रोज एक गोळी देत राहणं हाही मार्ग नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. सेफिक्झाइम, लिव्होफ्लॉक्सासिन अशी बरीच अँटिबायोटिकं मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहेत, दुकानदाराला त्यांची नोंदवही ठेवावी लागते. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून मागू नका. मागणी आपण करतो म्हणून तो देतो.

हाच नियम शरीरात घातलेल्या इतर वस्तूंनाही लागतो. हातातली सलाईनची सुई काम झालं की त्याच दिवशी काढायला सांगा. डायलिसिसच्या मानेतल्या नळीला घरी कोणी हात लावायचा नाही, तिथे थंडी वाजून ताप आला तर थेट डायलिसिस केंद्र. बदललेल्या गुडघ्यातून पाणी येत असेल तर गावात गोळ्या घेत बसू नका, ऑपरेशन केलं तिथे जा.

नळी काढायचा दिवस

प्रोस्टेटने लघवी अडकलेल्या माणसाला प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू करून काही दिवसांनी नळी काढून बघतात. शक्य तर सकाळी लवकर काढून घ्या, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं आणि अडचण आली तर दवाखाना उघडा असतो. फुग्यातलं पाणी सिरिंजने पूर्ण काढल्याशिवाय नळी ओढायची नाही. वहीत लिहिलेले मिलिलिटर इथे कामी येतात: दहा भरले होते तर जवळपास दहा परत यायला हवेत. नळी कात्रीने कापून पाणी जाऊ देणं धोक्याचं आहे.

नंतर दर तासाला एक पेला पाणी. पहिली लघवी थोडी जळजळीत होते, एखादा गुलाबी थेंब येतो, ते चालतं. प्रत्येक वेळी मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहा. सहा तासांत लघवी झाली नाही, किंवा थेंब-थेंब येऊन ओटीपोट कडक लागलं, तर रात्र होण्याआधी त्याच दवाखान्यात परत जा.